जुना रॉक सॉ घरी आणलाय? रंगाचा डबा नंतर उघडा, आधी हे करा

जुना रॉक सॉ, म्हणजे दगड कापायचं मशीन, दारात उतरवला की हात आधी प्लगकडेच जातो, चालतोय का बघू म्हणून. तेवढं मात्र करू नका. वीस-तीस वर्षं गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेल्या मशीनची वायर कडकडीत होऊन तडकलेली असते, टाकीच्या तळाशी वीटभर गाळ बसलेला असतो आणि ब्लेडचा खालचा भाग त्या गाळात रुतलेला असतो, त्यात तुम्ही बटन दाबलं की मोटर तरी जळते नाहीतर ब्लेड तरी वाकतं, आणि १४ इंची डायमंड ब्लेड काही स्वस्त येत नाही.

मी ओरेगॉनमध्ये राहतो. त्याआधी भोसरीत मशीन शॉपला नोकरी केली, त्यामुळे डायल (बारीक फरक दाखवणारं मोजायचं घड्याळ), शिम (फटीत घालायचा पातळ पत्रा), ग्रब स्क्रू (पुलीला शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) असले शब्द मधेमधे येतील, सांभाळून घ्या. इथे दगड कापायचा छंद जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-तीस वर्षांत अमेरिकेच्या पश्चिमेकडे घरोघरी लोक अकीक आणि जास्पर गोळा करायला लागले, थंडरएग नावाचा गोळा तर १९६५ पासून ओरेगॉनचा राज्य-दगड आहे, आणि त्याच काळात साउथ पासाडेनाची हायलंड पार्क, रेडलँड्सची कोव्हिंग्टन, सिएटलकडची लॉर्टोन अशा कंपन्यांनी घरगुती सॉ बनवले. जाड पत्रा, ओतीव लोखंड, साधी पुली, साधा पट्टा. ती पिढी आता जातेय आणि त्यांचे सॉ इस्टेट सेलला निघतायत. आपल्या सह्याद्रीसारखाच इथला कोलंबिया नदीचा खडकसुद्धा थरावर थर साचलेला बेसाल्ट, आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला बराच तरुण, पण दोन्हीकडे पोकळ्यांमधे अकीक भरलेला. म्हणून मला हा नाद लागला असावा.

माझं म्हणणं एकच आहे आणि सगळा लेख त्याच्याभोवतीच फिरेल: हे सॉ म्हातारे झाले म्हणून मरत नाहीत, गाळाने आणि वाकड्या चालीने मरतात. म्हणून कष्ट घ्यायचे ते साफसफाईवर आणि सरळपणावर. रंग सगळ्यात शेवटी, नाही दिलात तरी चालतो.

घेताना काय बघायचं

ट्रिम सॉ म्हणजे छोटा, साधारण ४ ते १० इंच ब्लेडचा, त्यात दगड हाताने धरून तुकडे करायचे. स्लॅब सॉ म्हणजे मोठा, १० इंचापासून ३६ इंचापर्यंत, त्यात दगड व्हाइसमध्ये आवळायचा, झाकण लावायचं आणि मशीन आपोआप चकत्या पाडतं. नवशिक्याने १० किंवा १४ इंची स्लॅब सॉ बघावा. ब्लेडच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश जाडीचा दगड कापला जातो, म्हणजे १४ इंचीमध्ये साडेचार इंचाच्या आसपास. त्यापेक्षा मोठा सॉ घेतलात तर तो हलवायला चार माणसं लागतात आणि तेलही बादल्या-बादल्या जातं.

गंज बघून घाबरू नका, तो निघतो. मोटर गेली असली तरी हरकत नाही, दुसरी बसते. पण ओतीव व्हाइसला तडा, कॅरेज (व्हाइस वाहून नेणारा सरकता भाग) ज्या दांड्यांवर सरकते त्या दांड्यांना मधेच खोलगट घास, किंवा फीड स्क्रूचे, म्हणजे कॅरेज पुढे ओढणाऱ्या स्क्रूचे, आटे सुरीसारखे धारदार झालेले, यातलं काही दिसलं तर किंमत निम्मी मागा. आर्बर, म्हणजे ब्लेड ज्यावर बसतं तो शाफ्ट, हाताने वर-खाली हलवून बघा, खडखड प्ले (ढिलेपणा) असेल तर निदान बेअरिंग बदलावं लागणार. झाकण हरवलेलं असेल तर मी तरी तो सॉ सोडून देतो, कारण झाकणाशिवाय तेलाचा फवारा थेट तोंडावर येतो आणि नवं झाकण बनवणं वाटतं तेवढं सोपं नाही.

वीज

त्या काळच्या बऱ्याच सॉना दोन पिनांचा प्लग असतो, अर्थिंग नाही. लोखंडी टाकी आणि अर्थिंग नाही, हे आजच्या आज बदला. नवी तीन तारांची केबल घ्या, हिरवी तार टाकीच्या अंगाला आणि मोटरच्या अंगाला पक्की बोल्टने आवळा, तिथला रंग खरवडून उघड्या लोखंडावर, आणि विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं सॉकेट वापरा. मोटर उघडून आत फुंकर मारा, तेलाच्या धुक्याने आत काळा चिकट थर जमलेला असतो. कपॅसिटर फुगलेला किंवा पाझरलेला दिसला तर बदला, मात्र हात लावायच्या आधी तो डिस्चार्ज करा, आणि हे कधी केलं नसेल तर माहितगार माणसाकडूनच करून घ्या. मोटर पट्ट्यापासून सोडवून एकटी चालवून बघा. शांत फिरली, गरम झाली नाही, तर ठेवा तीच. नवी घ्यायची झाली तर पूर्ण बंद अंगाची घ्या, आत धुकं शिरत नाही.

गाळ, आणि त्यातलं जुनं तेल

आता हातमोजे घाला, नायट्राइलचे. आतलं तेल कोणतं आहे हे विकणाऱ्यालाही बहुतेक माहीत नसतं. पूर्वी लोक रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल, काही जण तर ट्रान्सफॉर्मरचं तेलसुद्धा टाकायचे, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं, जे बनवण्यावर इथे १९७९ मध्ये बंदी आली. म्हणून अनोळखी जुनं तेल गाळून परत वापरायचा मोह धरू नका. डब्यात भरा, गावाच्या घातक कचरा केंद्रात नेऊन द्या. मोरीत किंवा मातीत ओतायचं नाही.

वरचं तेल काढल्यावर खाली जो गाळ उरतो तो ओल्या शाडूसारखा असतो, दगडाचं पीठच ते. स्वयंपाकघरातलं जुनं उलथनं यासाठी सगळ्यात बेस्ट. कोपऱ्यांतून, आर्बरच्या खालून, ड्रेन प्लगच्या तोंडातून, सगळीकडून खरवडून काढा आणि ओला असतानाच काढा. वाळला की त्याची धूळ होते, ती धूळ म्हणजे सिलिका, आणि ती छातीत गेली की परत निघत नाही. टाकी रिकामी झाली की चिंधीने पुसून घ्या, थोडं स्वच्छ तेल ओता आणि खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा, सकाळी कागदावर डाग कुठे पडलाय ते बघितलं की गळती सापडते. बारीक भोक इपॉक्सीने बुजतं. वेल्डिंग करायचं असेल तर आधी टाकी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा, तेलाचा वास येत असेपर्यंत तिच्याजवळ ठिणगी नको.

खोलणं

प्रत्येक भाग काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. झाला असला तरी अजून एक काढा, दुसऱ्या बाजूने. पट्टा कोणत्या पुलीवर होता, शिम कुठे होते, किती होते, हे तीन आठवड्यांनी आठवत नाही हो. शिम सापडले तर फेकू नका, पाकिटात घालून वर लिहून ठेवा, कोणीतरी कधीतरी विचार करून घातलेले असतात.

अडकलेल्या बोल्टवर गंज सोडवायचं तेल टाका आणि दुसऱ्या दिवशी या. आर्बरचा नट कोणत्या दिशेला सुटतो ते आधी बघा, काही उलट्या आट्याचे असतात. पुली निघत नसेल तर ग्रब स्क्रू काढलात का ते तपासा, कधी कधी एकाच भोकात एकावर एक दोन असतात, मी एकदा पहिलाच काढून अर्धा दिवस पुलरशी झुंजत बसलो होतो. शाफ्टच्या आट्यांवर हातोडा कधीच मारायचा नाही, मारायचाच तर मधे लाकूड किंवा पितळ.

जुना रंग कोरडा घासू नका. १९७८ आधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून चला, ओला करून घासा किंवा रिमूव्हर लावा. दांड्या आणि फीड स्क्रू वायर ब्रशने, रॉकेल लावून, बाहेर मोकळ्या हवेत स्वच्छ करा. दांड्यांना जाड सँडपेपर लावायचा नाही, बारीक स्टील वूल आणि तेल पुरे, कारण तिथून घासलेला प्रत्येक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) पुढे कॅरेजमध्ये प्ले म्हणून परत येतो.

बेअरिंग आणि आर्बर

बॉल बेअरिंग असेल तर अंगावर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं मागा. जुनं चांगलं फिरतंय असं वाटलं तरी मी बदलतोच, कारण दगडाचं पीठ आत शिरलेलं असतं आणि बेअरिंग इतर खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. काही फार जुन्या सॉना ब्राँझचं बुश आणि वर तेलाची कुपी असते, तिथे बुश घासलंय का बघा, तेलाची वाट तारेने मोकळी करा आणि दर वेळी चालवायच्या आधी दोन थेंब टाकायची सवय लावा.

ब्लेड ज्या दोन फ्लँजमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गोल चकत्यांमध्ये, आवळतो त्या दोन्ही एकाच मापाच्या हव्यात आणि तोंडं स्वच्छ. रंगाचा एक थेंब किंवा गाळाचा एक कण तिथे राहिला तर बाहेर कडेला ब्लेड डुलताना डोळ्यांनी दिसतं. ब्लेड न लावता आतल्या फ्लँजच्या तोंडावर डायल लावून हाताने फिरवा. दोन थाऊच्या आत, म्हणजे इंचाच्या दोन हजारांश भागाच्या आत असेल तर उत्तम.

वेग

हे गणित सोपं आहे पण लोक टाळतात. ब्लेडचा व्यास इंचात, गुणिले आर्बरचे आरपीएम (मिनिटाला फेरे), गुणिले ०.२६२, की कडेचा वेग फूट प्रति मिनिटात मिळतो. अकीकासारख्या कडक दगडाला अडीच ते साडेतीन हजाराच्या मधे मला बरं पडतं, बाकी तुमच्या ब्लेडसोबत आलेला तक्ता पाळा. इथली मोटर साधारण १७२५ आरपीएमची. तिच्यावर २ इंची पुली आणि आर्बरवर ४ इंची असली तर आर्बर ८६२ ने फिरतो, १४ इंची ब्लेडला साधारण ३१६० फूट झाले, छान. माझ्या पहिल्या सॉवर आधीच्या मालकाने दोन्ही पुल्या सारख्या लावल्या होत्या, म्हणजे सहा हजारांच्या वर. जुनं ब्लेड काळं-निळं का पडलं होतं ते मग समजलं.

कोणी असा सॉ भारतात न्यायचा विचार करत असेल तर मोटर इथेच ठेवून जा. तिकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तिकडची साधी मोटर १४४० ची. तिच्यावर अडीच इंची पुली आणि आर्बरवर तीच ४ इंची ठेवलीत तर ९०० मिळतात, काम झालं.

कॅरेजची चाल सरळ करणं

इथे घाई करू नका. दोन संध्याकाळी गेल्या तरी जाऊ देत.

दगड व्हाइसमध्ये, व्हाइस कॅरेजवर, कॅरेज दांड्यांवर सरकत ब्लेडकडे येते. ही सरकण्याची रेष ब्लेडच्या पात्याला अगदी समांतर हवी. नसेल तर दगड जसा आत जाईल तसा ब्लेडला एका बाजूने ढकलत राहतो, ब्लेड तापतं, ताटलीसारखं वाकतं, आणि एकदा ताटली झाली की ते परत सरळ होणं अवघड. कापताना अर्ध्यात मोटरचा आवाज जड व्हायला लागला किंवा ब्लेडच्या एकाच बाजूला चकचकीत घासल्याचा पट्टा दिसला तर कारण बहुतेक हेच.

तपासायचं असं. डायल व्हाइसमध्ये घट्ट धरा, टोक ब्लेडच्या अंगाला कडेपासून थोडं आत, पुढच्या बाजूला टेकवा. जिथे टेकलं तिथे ब्लेडवर मार्करने खूण करा, डायल शून्यावर आणा. आता कॅरेज सरकवत टोक ब्लेडच्या मागच्या बाजूला न्या, आणि ब्लेड हाताने फिरवून *तीच खूण* टोकाखाली आणा, मग वाचा. ही खूण महत्त्वाची. ती न करता नुसती कॅरेज सरकवलीत तर ब्लेडचा स्वतःचा थोडाफार बाक त्या आकड्यात मिसळतो आणि तुम्ही नसलेला दोष दुरुस्त करत बसता. एकच बिंदू दोन्ही ठिकाणी मोजला की ब्लेडचा बाक गणितातून निघून जातो, उरतो तो फक्त कॅरेजचा तिरपेपणा. डायल नसेल तर व्हाइसमध्ये टोकदार पेन्सिल आवळा, आणि टोक आणि ब्लेडच्या मधे कागद सरकवून बघा, पुढे एक कागद जातो आणि मागे चार, तर तिरपं आहे.

माझा १४ इंची हायलंड पार्क पहिल्यांदा मोजला तेव्हा २२ थाऊ निघाले. कंपनीचा दोष नव्हे, मधे कोणीतरी आर्बर काढून अंदाजाने परत बसवला होता. बेअरिंगच्या ब्लॉकचे बोल्ट थोडे सैल करायचे, लाकडाने हलकेच टप टप करायचं, आवळायचं, परत मोजायचं. आवळताना ते परत सरकतं, म्हणून दर वेळी आवळूनच मोजा. वर-खालचा तिरपेपणाही असतो, व्हाइसची उंची सगळीकडे सारखी आहे का तेही बघा, तिथे दांडीखाली शिम लागतात. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण चार थाऊचा असतो, कात्रीने कापता येतो, शिम म्हणून झकास. सहा-सात फेऱ्यांनंतर माझा तीन थाऊवर आला आणि तिथे मी थांबलो. आर्बरला पुढे-मागे सरकण्याचा प्ले राहिला असेल तर हे सगळं वाया जातं, तो आधी काढा.

फीड तीन प्रकारचं असतं. वजनाचं, म्हणजे तार, पुली आणि टांगलेलं वजन, यात बिघडण्यासारखं काही नाही, तार मात्र नवी घाला. स्क्रूचं, यात ब्राँझचा अर्धा नट स्क्रूवर पडून कॅरेज ओढतो, नटाचे आटे झिजलेले असतील तर तो मधेच उड्या मारतो, नवा करून घ्या. तिसरं हायड्रॉलिक, त्याचे सील बदलावे लागतात. शेवटाला कॅरेज आपटून मोटर बंद करणारा स्विच असतो, तो हाताने दहा वेळा चालवून बघा, दहाही वेळा बंद झाला पाहिजे.

ब्लेड आणि तेल

ब्लेडवर लोखंडी पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा, मधे फट दिसली तर ताटली झालंय. बाण असेल त्या दिशेनेच लावा. कापणं मंदावलं, कडेवर हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत लागलं, तर हिरे धातूखाली दडलेत, सिलिकॉन कार्बाइडची ड्रेसिंग काडी किंवा जुन्या ग्राइंडिंग व्हीलचा तुकडा तीन-चार वेळा कापा, धार उघडते. (कडेवर हात फिरवायचा तो सॉ बंद करून, प्लग काढूनच, हे सांगायला नको.)

तेल पातळ मिनरल ऑइल. डब्यावरचा फ्लॅश पॉइंट वाचा, शंभर डिग्री सेल्सियसच्या बराच वर हवा. रॉकेलचा जेमतेम चाळीसच्या आसपास असतो, बंद झाकणाखाली त्याचं धुकं आणि शेजारी मोटरची ठिणगी, कल्पना करा. पाण्यावर चालणारे छोटे ट्रिम सॉ असतात, पण लोखंडी स्लॅब सॉमध्ये पाणी नको, गंजेल. पातळी अशी ठेवा की ब्लेड पाव ते अर्धा इंच बुडेल, जास्त भरलंत तर सगळं झाकणातून बाहेर येतं. फिरोजा, ओपल असले तेल पिणारे दगड या सॉत घालू नका, डाग कायमचा राहतो. आणि आपल्याकडून कोणी हौसेने नाशिक-जालन्याकडचे स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे स्फटिक आणले असतील तर ते कापायचे नसतातच, पाकळ्या सुटून चुरा होतो. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये ते जसे आहेत तसे मांडलेत, तसेच घरीही मांडा.

पहिला कट

पहिला दगड साधा, फार कडक नको, एक बाजू सपाट असलेला. व्हाइसमध्ये दगड आणि जबड्याच्या मधे लाकडाच्या फळ्या आणि पाचरा, आवळल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून हलवून बघा. जराही हलला तर परत. जेवढी ब्लेडं कापताना दगड निसटल्याने जातात तेवढी झिजून जात नसतील. ब्लेड दगडाला जिथे पहिल्यांदा टेकणार तो पृष्ठभाग उतरता असेल तर ब्लेड घसरतं, म्हणून दगड असा फिरवा की ते सरळ भिडेल, आणि पहिलं पाव इंच अगदी हळू जाऊ द्या. मोटर चालू करताना दगड ब्लेडपासून लांब हवा. झाकण लावा, कानाला प्लग लावा आणि जवळच थांबा. तेलाची आग विझवणारा सिलिंडर हाताशी. चार इंची अकीकाला अर्धा-पाऊण तास लागला तरी लागू दे, वजन वाढवून घाई करू नका.

स्लॅब निघाली की चारही कोपऱ्यांची जाडी मोजा. सारखी आली तर तुमच्या दोन संध्याकाळी कामी आल्या. तेल काढायला साबणाचं गरम पाणी, नाहीतर रात्रभर लाकडाच्या भुशात पुरून ठेवा.

पुढे दर महिन्याला

तेल काळपट आणि दाट झालं की गाळायचं. खाकी कागदाची जाड पिशवी बादलीवर जाळीत ठेवा, गाळासकट तेल त्यात ओता आणि दोन-चार दिवस विसरा. तेल पाझरून खाली येतं, पिशवीत चिखल राहतो. तेच तेल परत वापरा, हे आपलंच आहे, माहितीचं. दांड्यांना तेलाचा हात, पट्टा मधे दाबला तर अर्धा इंच झुकेल इतकाच ताणलेला, ग्रब स्क्रू परत आवळलेले. दर तीन-चार महिन्यांनी डायल लावून तीन थाऊ अजून तीनच आहेत का बघायचं. हिवाळ्यात सॉ बंद ठेवणार असाल तर टाकी रिकामी करा, ब्लेड काढून भिंतीवर टांगा, तिरकं टेकवून ठेवलंत तर तेही बाक घेतं.

मास्कबद्दल. तेलात धूळ उडत नाही म्हणून लोक निवांत असतात, पण झाकण उघडलं की धुकं येतं आणि त्यात तेच पीठ असतं. गुजरातमध्ये खंभातला पिढ्यान् पिढ्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, झालेला आहे, आपला छंद असला तरी दगड तोच. मोटर बंद झाल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मगच झाकण उघडा, खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावा, पी१०० (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्क घाला, आणि सांडलेलं ओलं असतानाच पुसून घ्या, झाडू मारू नका.